सातावर सोडलेला तास

ठाण्यात तळ्याच्या पाळीला लागून एक जुनी दगडी कचेरी होती. आता तिथे काय आहे ते मी बघायला जात नाही, आणि कुणी कौतुकाने सांगायला लागलं की विषय बदलते. माझं लहानपण त्या कचेरीच्या आवारातल्या दोन खोल्यांत गेलं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तिथे शिपाई होते. पण साहेबांचा डबा आणणारे, फायली उचलणारे शिपाई वेगळे. दादांचं काम एकच, तास देणं.

हल्लीच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. कचेरीच्या मागच्या पडवीत तुळईला साखळीने एक काशाचा थाळा टांगलेला होता, परातीएवढा रुंद आणि बोटभर जाड. शेजारी खुंटीवर लाकडी मोगरी. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तासाला दादा त्या थाळ्यावर तेवढे टोल द्यायचे. घड्याळं होती कुणाकडे तेव्हा? डॉक्टरांकडे, वकिलांकडे, बस्स. बाकी सगळी पेठ दादांच्या हातावर चालायची. शाळा भरायची ती त्यांच्या टोलावर, चुलीवरचा भात उतरायचा तोही त्यांच्या टोलावर. मला त्याचा भारी तोरा होता. वर्गातल्या मुलींना मी सांगायचे, तुमच्या घरी किती वाजले ते आमचे दादा ठरवतात.

त्या कामाला एक रीत होती. एकदा हात सुरू झाला की तास पुरा करायचा. मध्ये थांबायचं नाही, बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. कारण उघड आहे. बाराच्या जागी सातच ऐकू आले तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? शेवटचा टोल पडला की डावा पंजा थाळ्यावर दाबून धरायचा. त्याने घुमणं तिथल्या तिथे मिटतं आणि लोकांना कळतं की तास संपला. नुसता सोडला तर तो थाळा कितीतरी वेळ गुणगुणत राहायचा.

दादा ही रीत किती पाळायचे ते सांगते. एकदा आईच्या हातावर उकळती आमटी सांडली. ती अशी किंचाळली की तळ्यावरचे धोबीसुद्धा धावत आले. दादा पडवीत, पंचवीस पावलांवर. त्यांनी अकराचा तास पुरा केला, पंजा ठेवला आणि मग आले. आईने त्यांना शब्दाने काही म्हटलं नाही. पुढचे आठ दिवस ती भांड्यांशी बोलत होती. "लोकांच्या वेळा सांभाळायच्या, घरचे मेले तरी चालतील," असं ती पातेल्याला सांगायची आणि दादा मान खाली घालून जेवायचे.

कचेरी बाधलेली आहे हे ठाण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खालच्या मजल्यावर कचेरीचं काम चालायचं, पण वरच्या मजल्यावर, जिथे कंपनी सरकारच्या काळात कोर्ट भरायचं म्हणे, तिथे कुणी जात नसे. जिन्याच्या दाराला नुसती कडी होती. कुलूप कशाला लावतील? जाणार कोण होतं वर? कारकून मंडळी दुपारी डबा खायला बसली की वर बाक सरकवल्याचा आवाज यायचा. मग डबे पटापट बंद व्हायचे. प्रत्येक अमावास्येला जिन्याच्या पहिल्या पायरीवर नारळ ठेवायची पद्धत होती. कुणी सुरू केली माहीत नाही, पण गोऱ्या साहेबांच्या राज्यातसुद्धा ती कुणी मोडली नव्हती.

त्यामागची गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती भाजीवाल्या मावशीने. ही कोलशेतच्या बाजूने डोक्यावर पाटी घेऊन यायची. ख्रिस्ती म्हातारी, काष्ट्याचं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. तळ्याच्या पायऱ्यांजवळ आमच्या भिंतीला पाठ न लावता बसायची. तोंड आमच्या मागच्या पडवीकडे, कारण पडवीतली वर्दळ बघत बसणं हाच तिचा दिवसभराचा विरंगुळा.

फार पूर्वी या कचेरीत एक तासवाला होता. लाल पागोट्याचा. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, तीन-चार वर्षांचा एकुलता पोरगा. बाप पडवीत असला की पोरगा तळ्याच्या पायऱ्यांवर खेळायचा. एक दिवस बाराचा तास सुरू होता आणि पोराने हाक मारली. कितव्या टोलाला ते कुणी सांगू शकत नाही. बापाने मान वळवली नाही. बारा पुरे केले, थाळ्यावर पंजा ठेवला, मग धावला. तोवर पाणी शांत झालेलं होतं. तो माणूस परत पडवीत आला, मोगरी उचलली आणि आणखी एक टोल दिला. का दिला? कुणी म्हणतं माणसं गोळा करायला, कुणी म्हणतं डोकं फिरलं. त्यानंतर चार दिवसांनी वरच्या कोर्टाच्या तुळईला लटकलेला सापडला.

"तवापासून कवातरी बाराचे मागून एक टोल येतं गो बाय," मावशी म्हणाली आणि तिने क्रूस कपाळाला लावला.

त्या तेराव्या टोलाला पेठेत 'हाक' म्हणायचे. हाक आली की बायका दाराशी येऊन आपापली पोरं मोजायच्या. बाराच्या आत तळ्यावरून पोरं घरी, हा तर नेमच होता. पण तोवर वर्षातून एखाद्या वेळी कुणीतरी म्हणायचं की हाक ऐकली, आणि दुसरा कुणीतरी म्हणायचा, नाही, भास झाला असेल.

ही गोष्ट ऐकून मी तडक दादांकडे गेले. ते मोगरीला तेल लावत बसले होते. मी बारा वर्षांची, नाकावर राग, पोटात काही राहायचं नाही.

"दादा, त्या माणसाच्या जागी तुम्ही असता तर?"

"काय तर?"

"मी बुडतेय. मी हाक मारली. तास सुरू आहे. सोडाल?"

दुसऱ्या कुणाचा बाप असता तर म्हणाला असता, सोडेन गं वेडे, हा काय विचारायचा प्रश्न झाला? माझ्या बापाने मोगरी बाजूला ठेवली. विचार केला. खरोखर बसून विचार केला! आणि म्हणाले, "तास सोडायचा नसतो, पोरी."

मला इतकं लागलं ते की काय सांगू. त्या दिवसापासून बाराचा तास सुरू झाला की मी कानांत बोटं घालायचे.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. शिपायांची लाल पागोटी केव्हाच गेली, खाकी टोप्या आल्या. आणि त्या पौषात कचेरीला नवे साहेब आले. तरुण, शर्ट-पँटमधले, मनगटावर घड्याळ. माणूस वाईट नव्हता, पण जुनं काही दिसलं की त्यांच्या अंगावर पित्त उठायचं. अमावास्येचा नारळ त्यांनी स्वतः पायरीवरून उचलला आणि बाहेरच्या टांगेवाल्याला देऊन टाकला. "हे ऑफिस आहे की जत्रा? उद्यापासून हे प्रकार बंद," ते म्हणाले.

आणि तेव्हापासून हाक वाढली.

आधी पंधरा दिवसांनी. मग आठवड्याने. होळीनंतर तर दोन-तीन दिवसांआड. आता भास म्हणायची सोय उरली नाही, सगळी पेठ ऐकत होती. एक बाई दुपारची भाजी घ्यायला आली आणि पोराला पोटाशी घेऊन तशीच पळाली. टांगेवाले कचेरीच्या सावलीत उभे राहीनात. शाळेच्या मास्तरांनी साहेबांकडे लेखी तक्रार केली की तास चुकीचा पडतो. साहेबांचा भुतावर विश्वास नव्हता, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने अर्थ एकच होता. शिपायाची मोजणी चुकते. त्याचं वय झालं.

दादांना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सोमवार ते शनिवार बाराचा तास मी स्वतः मोजणार. एक टोल जास्त पडला किंवा एक कमी पडला, तर पुढल्या सोमवारपासून दुसरा माणूस. आणि खोल्या महिन्याभरात रिकाम्या."

झालं. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली, पण जेवलं कुणी नाही. दादांना बारीकसं पेन्शन लागायला अजून पाच वर्षं होती, आणि गावाकडे आमचं ना घर ना जमीन. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू त्यांच्या शेजारी उभी राहा आणि मोज. खरंच चुकत असतील तर कळू तरी दे." तिलासुद्धा दादांचा संशय आला होता, याचाच मला राग आला. खरं सांगायचं तर मलाही आला होता.

उन्हाळ्याची सकाळची शाळा, त्यामुळे बाराला मी घरीच असायचे. सोमवारी कानांतली बोटं काढली आणि पडवीत दादांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. एका टोलापासून दुसऱ्यापर्यंत एक मोठा श्वास घ्यावा इतकं अंतर. मी बोटं दुमडत मोजलं. बारा. दादांनी मोगरी खाली घेतली, डावा पंजा थाळ्यावर दाबला. घुमणं मिटलं. मी सुटकेचा श्वास सोडला. काही झालं नाही. मंगळवार, बुधवार, तसेच गेले.

गुरुवारी बारा झाले, पंजा ठेवला गेला, आणि तो आला.

हलका होता. आपण घरात असावं आणि शेजारच्या घरात कुणीतरी तांब्या ठेवावा, तेवढाच. पण आवाज आमच्याच थाळ्याचा होता, त्यात शंका नाही. त्या आवाजात मी वाढले होते. दादांची मोगरी त्यांच्या मांडीशी होती. त्यांनी माझं मनगट धरून माझा हात थाळ्याला लावला. थाळा गार आणि गप्प. एवढीशी थरथर नाही.

"बघितलंस?" दादा पुटपुटले. त्यांच्या ओठांवर घाम होता. "मी चुकत नाही गं. तुझ्या आईला सांग, मी चुकत नाही."

त्यांचा तो चेहरा बघून मी भीती विसरले. साहेबांना त्या दिवशी तो टोल ऐकू आला नाही, कारण नेमका त्याच वेळी त्यांच्या खोलीत टेलिफोन वाजत होता. नशीब म्हणायचं. पण नशीब रोज काय टेलिफोन करणार आहे? थाळा गप्प होता म्हणजे आवाज दुसरीकडून आला. आणि मला तो वरून आल्यासारखा वाटला होता. माझ्या डोक्याने लगेच पक्कं केलं, वर कुणीतरी जातं, जुनं पत्र्याबित्र्याचं काही वाजवतं आणि माझ्या बापाच्या पोटावर पाय देतं. कुणी कारकून असेल. मेल्याला धरते आणि सरळ साहेबांसमोर उभा करते. भूत असलं तर? असलं तर असू दे, म्हटलं, त्यालाही विचारते, आमचं काय वाकडं केलंय आम्ही?

शुक्रवार सुरळीत गेला. शनिवारी अमावास्या होती. सकाळपासून पेठेत कुजबुज, आज हाक येणारच. साहेब साडेअकरापासून घड्याळ हातात धरून खोलीत बसलेले, टेलिफोनचा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवलेला. आई देवासमोर. दादांनी तोंड धुतलं, टोपी नीट केली आणि पडवीत गेले. सगळ्यांची पाठ वळलेली बघून मी जिन्याची कडी काढली.

वर इतकी शांतता होती की माझ्या बांगड्यांचा आवाज मला नकोसा झाला. मी त्या कोपरापर्यंत वर सारल्या. लांबच लांब दालन, बाकांच्या रांगा, सगळ्यावर बोटभर धूळ. धुळीत एकही पाऊल नव्हतं. म्हणजे कुणी कारकून वर येत नव्हता. पण एक बाक, पहिल्या रांगेतला, पुसल्यासारखा स्वच्छ होता. खिडकीकडे तोंड करून. त्या खिडकीतून तळ्याच्या पायऱ्या दिसत होत्या.

मी त्या बाकावर बसले नाही. बाजूने गेले. खिडकीपलीकडे लाकडी सज्जा होता, तळ्याच्या अंगाला. पडवी तिथून दिसत नव्हती, ती कोपऱ्याच्या पलीकडे. मी उंबरठ्याशी उभी राहिले आणि खाली पहिला टोल पडला.

दोन. तीन. वरून ऐकताना तो तास वेगळाच वाटत होता, दगडातून वर चढून पायांत शिरत होता. चार. मी मागे दालनाकडे बघितलं. कुणी नाही. पाच. पुन्हा तळ्याकडे बघितलं, आणि पायऱ्यांवर एक लहान पोर उभं होतं.

उघडंच होतं, कमरेला करदोटा. गुडघ्याएवढ्या पाण्यात. बाराच्या वेळेला तळ्यावर एकही पोर नसायचं आणि हे कुणाचं? ते आणखी एक पायरी उतरलं. सहावा टोल पडला. मी सगळं विसरले आणि "अरे, बाहेर हो!" असं ओरडायला सज्ज्यावर पुढे झाले. दुसऱ्या पावलाला फळी गेली.

कुजकी फळी मोडताना आवाजसुद्धा झाला नाही. मी कमरेपर्यंत खाली गेले. पाय हवेत, खाली घाटाचे दगड. दोन्ही हातांनी शेजारची फळी धरली, तर तीही कुरकुरायला लागली. सातवा टोल पडला. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "दादा!"

आणि ओरडताच मला आठवलं. तास सोडायचा नसतो.

आठवा टोल पडला.

तो टोल मी मरेपर्यंत विसरणार नाही. शांत, ठरलेल्या अंतराने, एका श्वासाचासुद्धा फरक नाही. ऐकू गेलंय त्यांना, मी मनात म्हटलं. ऐकलं आणि मान वळवली नाही. हातांतलं बळ गेलं ते भीतीने नाही, त्या आठव्या टोलाने गेलं. नववा. डोळे मिटले. आता मी धरून ठेवायचं तरी कुणासाठी, असं वाटलं. बारा वर्षांच्या पोरीला असं वाटलं, हो. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात माझ्या काखांत दोन हात आले. ओळखीचे, मोगरीला लावलेल्या तेलाचा वास असलेले. मला वर ओढलं, उंबरठ्याच्या आत आणलं आणि छातीशी इतकं आवळलं की माझा श्वास कोंडला. टोपी कुठेतरी पडलेली, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. दादा होते.

आणि खाली दहावा टोल पडला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दादांचे दोन्ही हात माझ्या पाठीवर होते. त्यांची बोटं थंडगार झाली. अकरावा पडला. बारावा पडला, आणि लगेच घुमणं मिटलं. एकदम, कापल्यासारखं. कुणीतरी थाळ्यावर पंजा ठेवला होता.

आम्ही वाट बघत बसलो. तेरावा आला नाही.

"मी सातावर सोडला," दादा शेवटी म्हणाले. "मोगरी फेकली मी. तिथेच, फरशीवर."

मी सज्ज्यातून तळ्याकडे बघितलं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पाण्यावर एक तरंगही नव्हता. धोब्याचं पोर असेल आणि घरी पळालं असेल, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं.

खाली आलो तर पडवी रिकामी. मोगरी फरशीवर नव्हती, खुंटीवर होती. दादांनी थाळ्याला हात लावला. गप्प होता. त्यांनी माझं डोकं पोटाशी दाबलं आणि तसेच उभे राहिले. इतक्यात साहेब आतून आले, घड्याळ हातात, चेहऱ्यावर समाधान. "बारा! करेक्ट बारा. बघा, लक्ष दिलं की होतं ना? तुमची नोकरी कुठे जात नाही." मग त्यांचं लक्ष माझ्या फाटलेल्या परकराकडे आणि सोललेल्या गुडघ्यांकडे गेलं. "हिला काय झालं?"

"पडली साहेब," दादा म्हणाले.

मावशी तळ्याच्या बाजूने पाटी उचलून निघाली होती. जाता जाता थांबली. माझ्या गुडघ्यांकडे बघून चुकचुकली आणि मग हळूच विचारलं, "आज तुजे बापसाचे डोक्याव लाल पागोटा कशाला गो? मना वाटलं जुनंच राज्य परत आलं."

दादांनी ऐकलं होतं. त्यांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांची खाकी टोपी वर सज्ज्याजवळ पडलेली होती, ती आणायला पुढे कित्येक दिवस कुणी गेलं नाही.

त्यानंतर हाक कधी आली नाही. दादांची नोकरी पुढे पुरी झाली, नगरपालिकेचा भोंगा आला तेव्हा तास बंद झाला, आम्ही डोंबिवलीला दोन खोल्या घेऊन राहायला गेलो. पण एकदाही तेरावा टोल कुणी ऐकला नाही. साहेब आयुष्यभर सांगत असतील की त्यांनी ठाण्याचं एक भूत घड्याळ दाखवून पळवलं. सांगोत बापडे.

मला मात्र त्याच दुपारची गोष्ट सांगायची आहे. आईने माझ्या गुडघ्यांना हळद लावली, शिव्या देत, रडत. मग मी पडवीच्या पायरीवर दादांच्या शेजारी जाऊन बसले.

"दादा, तुम्ही आलात," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार? मला त्यांच्या गळ्यात पडून रडायचं होतं आणि लाजही वाटत होती.

"त्या दिवशी तू विचारलंस," ते म्हणाले, "तेव्हा मी तुला खोटं नव्हतं सांगितलं गं. मला खरंच वाटलेलं, मी सोडणार नाही. तीस वर्षांत कधी सोडला नाही. स्वतःच्या बायकोचा हात भाजला तरी सोडला नाही." त्यांनी डोळे पुसले. मी त्यांना रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "आज तुझी हाक आली आणि हात आपोआप रिकामा झाला. विचार करायला वेळच नाही मिळाला."

"आणि बाकीचे पाच?"

दादांनी मान वळवली आणि जिन्याकडे बघितलं. आत कचेरीच्या घड्याळात एक वाजत आला होता. ते उठले. मोगरी हातात घेतली, क्षणभर कपाळाला लावली. एकचा तास, एकच टोल. तो त्यांनी दिला, आणि पंजा ठेवला नाही. थाळा घुमत राहिला. पडवीभर, जिन्यावरून वर, सज्ज्यातून बाहेर तळ्यावर. दादा हात जोडून उभे होते.

"दादा, पंजा ठेवायचा राहिला," मी म्हटलं. "लोकांना कळणार नाही तास संपला ते."

"राहू दे," ते म्हणाले. "त्याच्या पोराला ऐकू जाऊ दे."